तीन दिवस, बारा जणी आणि नऊवारी

मैत्रिणींनो, पाडव्याची शोभायात्रा असो, पुतण्याची मुंज असो की शाळेचं स्नेहसंमेलन, हल्ली नऊवारीला पुन्हा मान आला आहे. मान आला खरा, पण नेसता येणाऱ्या थोड्या. मग शिवलेली नऊवारी विकत घ्यायची, नाहीतर एका दिवसापुरती भाड्यानं आणायची. ती कमरेत ढगळ, उंचीला आखूड, आणि खाली बसलं की काष्टा ओढतो! आपल्याच मापाची आपणच शिवली तर? एकटीनं पुस्तकात बघून हे जमत नाही. दहा-बारा जणींनी मिळून, घराबाहेर तीन दिवस राहून शिकलं तर जमतं. तेव्हा आजचा विषय हाच: असं शिबिर आखायचं कसं?

आधी एक पण करा

शिबिरं पुष्कळ होतात. माझ्या ओळखीच्या एक बाई अशाच एका शिबिराला गेल्या होत्या. चाळीस बायका, एक मशीन, आणि शिकवणारी भराभर करून दाखवतेय. दोन दिवसांनी बाई परतल्या त्या वहीभर टिपणं घेऊन. हाताला काहीच लागलं नव्हतं. म्हणून पहिला नियम असा की, प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं एक नऊवारी पुरी करूनच घरी परतायचं. हा पण केला की बाकीचं सगळं आपोआप ठरतं. बारापेक्षा जास्त जणी नकोत. मशिनं चार हवीत, म्हणजे एका मशीनला तिघी: एक शिवील, दुसरी इस्त्री करील, तिसरी हातानं कच्चे टाके घालील. दर तासाला पाळी बदलायची. चारातलं एक तरी मशीन पायाचं असू द्या. वीज गेली तर काम अडायला नको.

जागा आणि दिवस

नगरच्या बायकांनी (जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र अजून नगरच बसलंय) जागा शोधताना मनमाड रस्त्याकडे पाहावं. राहाता, शिर्डी, कोपरगाव हे सगळं त्या एका रस्त्यावर, आणि कोपरगावच्या पुढे तासाभराच्या आत येवला, म्हणजे पैठणीचं माहेर.

राहायला लॉजपेक्षा मंगल कार्यालय बरं. एक लुगडं पसरायला 8 मीटरहून जास्त लांब मोकळी जमीन लागते. ती लॉजच्या खोलीत कुठली? कार्यालयात दालन मोठं, सतरंज्या, स्वयंपाकघर, न्हाणीघरं सगळं तयार असतं. पौषात लग्नं नसल्यानं कार्यालयं रिकामी असतात, तेव्हा भाड्यात घासाघीसही करता येते. फक्त संक्रांतीच्या आत उरका. एकदा हळदीकुंकवं सुरू झाली की रथसप्तमीपर्यंत एकीला वेळ असेल तर दुसरीला नसतो. शिर्डी गुरुवारी आणि शनिवार-रविवारी गजबजते, म्हणून सोमवार ते बुधवार उत्तम. आणखी एक, या दिवसांत कारखान्यांचे गाळप चालू असल्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या असतात. रात्रीचा प्रवास टाळावा.

पैशाची सोय

पाच महिने आधीपासून भिशी काढा. महिन्याला 300 रुपये म्हटले तर एकीचे 1500 आणि बारा जणींचे 18,000 होतात. त्यातले 1800 अडीअडचणीला बाजूला ठेवून उरलेल्यात कार्यालय, गाडी, जेवण, शिकवणाऱ्यांचं मानधन आणि दोरे-अस्तर बसवायचं. कापड ज्याचं त्यानं आणावं.

बारात एखादीला हप्ता जड जातोच. तिला "तू स्वयंपाक बघ, तुझे पैसे नकोत" असं कृपा करून सांगू नका! ती बिचारी तिन्ही दिवस चुलीपाशी राहील आणि न शिकता परतेल. तिचे पैसे पहिल्या शिलाईतून फिटतील असं ठरवा. स्वयंपाक मात्र गावातल्या बचत गटाला किंवा एखाद्या पोळीभाजीवाल्या ताईंना सांगा. घर सोडून जायचं आणि तिथे पुन्हा चाळीस पोळ्या लाटायच्या, हे कुणी सांगितलंय?

शिकवणाऱ्या दोन हव्यात

एक शिवणकाम जाणणारी. दुसरी रोज नऊवारी नेसणारी एखादी आजी. काष्टा कुठे धरायचा, ओचा कसा खोचायचा, निऱ्या किती घातल्या की चालताना पायात येत नाहीत, हे तिच्या हाताला ठाऊक असतं. अशा आज्या आता घरोघरी राहिल्या नाहीत. म्हणून मानधन तिलाही द्यावं, नुसता नारळ आणि खण देऊन बोळवण करू नये.

तीन दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. जुनं सुती लुगडं घेऊन प्रत्येकीनं दोनदा नेसायचं, सोडायचं, पुन्हा नेसायचं. ज्याला नेसण कळलं त्यालाच शिवण कळते. मग मापं घ्या: कंबर, सीट, कमरेपासून टाचेपर्यंत उंची, आणि पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत काष्ट्याचं माप. हे शेवटचं माप उभ्यानं घेतलं तरी मांडी घालून बसून एकदा ताडून पाहावं. काष्टा ओढतो तो इथेच चुकल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी निऱ्या आणि पट्टा. स्कॉटलंडच्या पुरुषांचा चौकडीचा किल्ट चित्रात पाहिला असेल ना? त्यालाही साधारण 8 वार लोकरी कापड लागतं, जवळजवळ आपल्या लुगड्याएवढं! त्याच्या निऱ्या मागच्या बाजूला शेजारी शेजारी बसवून कमरेपासून सीटपर्यंत शिवतात, खाली मोकळ्या सोडतात. खालची कड दुमडत नाहीत, कापडाचा मूळ काठच तिथे येतो, आपल्यासारखाच. त्यांचं एक गणित उचलण्यासारखं आहे. समजा मागच्या भागात सीटवर 20 इंच आणि कमरेशी 15 इंच जागा आहे आणि निऱ्या 20 घालायच्या आहेत. तर प्रत्येक निरी सीटवर 1 इंच दिसेल आणि कमरेशी पाऊण इंच. म्हणजे फरक सगळ्या निऱ्यांत सारखा वाटला गेला, कुठे फुगा नाही. आपल्या नऊवारीच्या निऱ्या एकीवर एक बसतात, तिथे हे गणित नको. पण लेकीच्या गणवेशाच्या स्कर्टला ते नेमकं उपयोगी पडेल.

त्याच दुपारी येवल्याला माग बघायला जा. डोळ्यांनाही विसावा. साध्या पदराला आठवडे आणि भरगच्च पदराला महिने कसे लागतात ते समोर बसून पाहावं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहा: मोर किंवा मुनिया मागूनही तशीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. खरेदीच्या वेळी ही खूण ध्यानात ठेवावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवण पुरी करायची, दुपारी उरल्या कापडाचा बटवा. खणाचे 8 इंच रुंद, 9 इंच उंच असे दोन तुकडे, तेवढंच अस्तर. वरून 2 इंचांवर नाडीची पट्टी, दोन्ही बाजूंनी उलटसुलट दोन नाड्या आणि टोकांना रेशमाचे गोंडे. ज्यांचा हात बारीक कामाला बसतो त्यांनी पितळी तार आणि मोती घेऊन नथ वळून पाहावी. संध्याकाळी सगळ्याजणी आपापली नऊवारी नेसून जेवायला बसा!

कात्री जपून

नऊवारी दोन तऱ्हांनी शिवतात. एक, लुगडं कापून. ती अंगावर चापूनचोपून बसते, पण लुगडं कायमचं संपतं. दुसरी न कापता. निऱ्या पट्ट्यात टाचायच्या आणि काष्टा टाक्यांनी पक्का करायचा. टाके उसवले की लुगडं पुन्हा सरळ. शिबिरात कापायचं ते नवं स्वस्त सुती. आजीची पैठणी किंवा सासूबाईंचं इरकली लुगडं कधीच कापू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. ते उद्या लेकीला, सुनेला द्यायचं आहे.

आणि घरी काय सांगायचं?

बहुतेकींचं शिबिर अडतं ते इथे. "शिवायला तीन दिवस? आणि इथे डबे कोण करणार?" लग्नाला, माहेरी, बाळंतपणाला आपण आठ-आठ दिवस जातो तेव्हा घर चालतंच की नाही? मग शिकायला जाताना का अडावं? परवानगी मागत बसण्यापेक्षा महिनाभर आधी कॅलेंडरवर तारखांना खूण करा आणि कुणी काय बघायचं ते ठरवा. दूधवाला, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं, सगळं एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. भाजणी, चटणी, लाडू करून ठेवा हवं तर; पण तीन दिवसांचा सगळा स्वयंपाक करून थकून निघू नका.

हे नुसतं हौसेचं नाही, बरं का. नगर जिल्ह्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले आणि तिथली महेश्वरी साडी आजही त्या गावाला पोसते. आपण एवढं मोठं काही करणार नाही. पण एकदा हात बसला की गल्लीतल्या चार मुलींच्या नऊवारी शिवून शिबिराचे पैसे तरी नक्की निघतील, आणि पुढचे पैसे स्वतःच्या नावावर बँकेत पडतील.

पुढच्या वेळी जरीची लुगडी कशी ठेवावीत, डांबरगोळ्या का घालू नयेत, याविषयी.