फेंगशुई, केरसुणी आणि अडगळीची खोली

#थ्रेड #इतिहास

घरातील दुर्लक्षित खोली आवरा, पलंगाखालचे सामान काढा, बंद पडलेली घड्याळे टाकून द्या, म्हणजे संपत्तीचा मार्ग मोकळा होईल; आणि हे सारे पाच हजार वर्षांच्या चिनी शास्त्रात सांगितलेले आहे, अशा आशयाचा उपदेश मराठी समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. त्यातला खोली आवरण्याचा सल्ला उत्तम आहे. शास्त्राच्या वयाचा दावा मात्र इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

अडगळ काढणारी फेंगशुई फार तर चाळीसेक वर्षांची आहे आणि तिचा जन्म चीनमध्ये नव्हे, तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झाला. जुनी फेंगशुई खोलीपाशी फारशी रेंगाळतच नसे. तिचे लक्ष डोंगरांवर, ओढ्यांवर आणि मुख्यतः थडग्यांवर असे.

‘फेंगशुई’ या शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी. या विचाराचा आधारग्रंथ मानला जातो तो ‘झांगशू’, म्हणजे दफनाचा ग्रंथ. परंपरा त्याचे कर्तृत्व ग्वो पू (२७६–३२४) या विद्वानाला देते. आधुनिक अभ्यासक तो ग्रंथ त्याच्या बराच नंतरचा मानतात. ग्रंथाचा विषय शीर्षकातच आहे: मृताला कोठे पुरावे. ‘ची’ ही जीवनशक्ती जमिनीखालून वाहते, वारा तिला उधळून लावतो आणि पाणी तिला अडवून धरते. म्हणून जेथे वाऱ्यापासून आडोसा आणि समोर पाणी आहे, तेथे पूर्वजांच्या अस्थी ठेवाव्यात आणि त्यांचे फळ वंशजांना मिळावे, अशी ही कल्पना.

थडग्याला ‘यिन’ निवास आणि जिवंतांच्या घराला ‘यांग’ निवास म्हणत. घरांसाठीही ग्रंथ होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘पीत सम्राटाचा निवासग्रंथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथीच्या प्रती दुन्हुआंगच्या गुहांमध्ये सापडल्या आहेत. सुतारांसाठीच्या ‘लू बान जिंग’ या ग्रंथात दारांची शुभ-अशुभ मापे आहेत. परंतु या ग्रंथांचा भर दिशा, दरवाजा, माप आणि बांधकामाचा मुहूर्त यांवर आहे. कोपऱ्यात साचलेल्या गाठोड्यांना या परंपरेत फारसे महत्त्व नव्हते.

या साऱ्यावर संशय घेणारेही तितकेच जुने आहेत. वांग छोंग या विचारवंताने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या ‘लुनहेंग’ या ग्रंथात, आडनावाच्या उच्चारावरून घराचे दार कोणत्या दिशेला असावे हे ठरवण्याच्या प्रथेची यथेच्छ चिरफाड केली आहे. ‘पूर्वीचे लोक भोळे, आजचे चिकित्सक’ ही आवडती समजूत येथे टिकत नाही.

पुढे दोन पंथ प्रसिद्धीस आले. एक जिआंगशी प्रांतातला; नवव्या शतकातील यांग युनसोंग याच्याशी त्याचे नाव जोडले जाते. हा पंथ डोंगरांचा आकार वाचत असे. दुसरा फुजियानमधला, त्याचा भर ‘लुओपान’ या होकायंत्रावर. मध्यभागी चुंबकीय सुई आणि भोवती एकात एक वर्तुळे, त्यांपैकी एकावर चोवीस दिशा. भूमीची परीक्षा करणाऱ्यांच्या या सुईने विज्ञानालाही काही दिले. शेन क्वो याने १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात चुंबकीय सुई नेमकी दक्षिणेकडे न राहता किंचित पूर्वेकडे झुकते, अशी नोंद केली आहे. फेंगशुईला सरसकट ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये.

फेंगशुई किती गांभीर्याने घेतली जाई, याचे एक उदाहरण मिंग राजवटीच्या अखेरचे आहे. ली झिचेंग या बंडखोराने साम्राज्याला जेरीस आणले होते. तेव्हा १६४२ मध्ये शान्शी प्रांतातील मीझी या त्याच्या मूळ गावच्या भागातील अधिकारी ब्यान दाशौ याने वरिष्ठांच्या आदेशावरून बंडखोराच्या पूर्वजांची थडगी शोधून उकरली. हेतू एकच: त्या वंशाला मिळणारे भूमीचे बळ तोडणे. म्हणजे राज्ययंत्रणेने कुदळ घेऊन शत्रूच्या आजोबा-पणजोबांवर स्वारी केली. दोनच वर्षांनी, १६४४ मध्ये, ली झिचेंग बीजिंगमध्ये शिरला आणि मिंग सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. यावरून फेंगशुई निरर्थक ठरली असे त्या काळी कोणी मानले नाही; शास्त्र सपशेल फसले तरी त्यावरचा विश्वास फारसा डळमळत नाही, हे एकट्या चीनचे वैशिष्ट्य नव्हे.

त्याहून अधिक बोलकी कागदपत्रे चिंग काळातील न्यायदफ्तरांत आहेत. सिचुआनमधील नानबू या जिल्ह्याचे दफ्तर मोठ्या प्रमाणात टिकून राहिले आहे आणि त्यावर आधारित ट्रिस्टन ब्राउन यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसणारी फेंगशुई पूर्णपणे सार्वजनिक आहे. कोणी शेजाऱ्याच्या वडिलोपार्जित थडग्याजवळची झाडे तोडली, कोणी टेकडी खणली, कोणी भलत्या जागी बांधकाम काढले, तर फिर्याद दाखल होई: आमची फेंगशुई बिघडली. न्यायाधिकारी ती हसण्यावारी नेत नसे. जागेची पाहणी होई, नकाशे काढले जात, निवाडे दिले जात.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण फेंगशुईच्या इतिहासाचा खरा गाभा हाच आहे. ज्या समाजात पर्यावरणाचा कायदा नव्हता, तेथे ‘या डोंगराला हात लावू नका’ असे म्हणण्याची न्यायालयात ग्राह्य धरली जाणारी भाषा फेंगशुईने पुरवली. तिचा वापर अनेकदा स्वार्थी होता, बलवान कुळे तिच्या आडून जमिनी बळकावत, हेही तितकेच खरे. तरीही ती भाषा चार लोकांसमोर बोलायची होती. एकाच्या कृतीचा परिणाम दुसऱ्याच्या भूमीवर होतो, हे तिचे गृहीतक होते.

युरोपीय लोकांना हे उमगायला वेळ लागला. जर्मन मिशनरी अर्न्स्ट आयटेल याने १८७३ मध्ये फेंगशुईवर पुस्तक लिहिले, तेव्हा तारायंत्राचे खांब आणि रस्ते यांना होणारा विरोध हा परकीय व्यापाऱ्यांच्या तक्रारीचा नित्याचा विषय होता. शांघाय ते वूसोंग ही रेल्वे ब्रिटिश व्यापाऱ्यांनी चिनी शासनाची रीतसर परवानगी न घेता बांधली. ती १८७६ मध्ये सुरू झाली. चिंग शासनाने ती विकत घेतली आणि १८७७ मध्ये उखडून टाकली. यावर ‘अडाणी चिनी लोक आगगाडीला घाबरले’ ही कथा आजही रंगवून सांगितली जाते. परक्याने न विचारता रूळ टाकले, तर कोणते सरकार ते मुकाट्याने सोसेल, हा साधा प्रश्न त्या कथेतून वगळलेला असतो.

१९४९ नंतर साम्यवादी राजवटीने फेंगशुईला सरंजामी अंधश्रद्धा ठरवले आणि १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत ‘चार जुन्या गोष्टीं’विरुद्धच्या मोहिमेचा घाव तिच्यावरही पडला. उघड परंपरा टिकली ती हाँगकाँग, तैवान आणि आग्नेय आशियातील चिनी वसाहतींत. तेथूनच ती अमेरिकेला पोहोचली, पण वाटेत तिचे रूप पालटले.

या बदलातले मुख्य नाव लिन युन (१९३२–२०१०). बीजिंगमध्ये जन्मलेल्या आणि तैवानमार्गे अमेरिकेत गेलेल्या या गृहस्थाने १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे आपले मंदिर स्थापन केले. त्याची शिष्या सारा रॉसबाख हिचे १९८३ चे पुस्तक इंग्रजी वाचकांत गाजले. लिन युनच्या पद्धतीत होकायंत्राची गरज उरली नाही. ‘बागुआ’ ही आठ विभागांची आकृती थेट खोलीच्या दारापासून मांडायची: आत शिरताना डावीकडचा दूरचा कोपरा संपत्तीचा, उजवीकडचा दाम्पत्यसुखाचा, दाराजवळचा मधला भाग व्यवसायाचा. उपाय म्हणून स्फटिक, आरसे, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा.

ही सोय विलक्षण होती. सॅन फ्रान्सिस्कोतील भाडेकरूला डोंगर निवडता येत नाही, इमारत वळवता येत नाही, पूर्वजांची थडगी तर बहुधा दुसऱ्याच खंडात असतात. त्याच्या ताब्यात एक खोली असते. फेंगशुई त्या खोलीच्या मापाची झाली.

मग १९९८ मध्ये ब्रिटिश लेखिका कॅरन किंग्स्टन हिचे फेंगशुईने अडगळ काढण्याविषयीचे पुस्तक आले आणि आज परिचित असलेला उपदेश घट्ट बसला. साचलेल्या वस्तू म्हणजे साचलेली ऊर्जा, ही कल्पना जगभर पसरली. तिचा काळ लक्षणीय आहे. स्वस्त वस्तूंनी मध्यमवर्गीय घरे भरली, तेव्हाच अडगळ हा आत्म्याचा प्रश्न बनला. चिंग काळातील सिचुआनच्या शेतकऱ्याला, न वापरलेल्या वस्तूंनी भरलेली खोली ही चिंता वाटली नसती; हेवा वाटला असता.

सगळेच नवे कृत्रिम आहे, असेही नाही. पलंग किंवा टेबल असे ठेवावे की पाठीशी भिंत असावी, दार नजरेत असावे, पण बसणारा दाराच्या थेट रेषेत नसावा, हा आजचा लोकप्रिय नियम जुन्या भूमीवाचनाशी नाते सांगतो. पाठीशी उंच डोंगर म्हणजे काळे कासव, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ, समोर मोकळ्या जागेत लाल पक्षी: आदर्श थडग्याची ही आरामखुर्चीसारखी रचनाच खोलीत उतरली आहे. शांत झोपेसाठी दिलेला सल्ला चिरनिद्रेच्या जागेवरून आला, यातला विनोद मात्र ‘पाच हजार वर्षे’वाल्यांच्या ध्यानी आलेला दिसत नाही.

चीनमध्ये अडगळ काढण्याची जुनी परंपरा नव्हती काय? होती, आणि भक्कम होती. पण ती पंडिताच्या होकायंत्राची नव्हे, घरातल्या झाडूची परंपरा. चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्याच्या अखेरीस घरभराची धूळ काढायची. तिला ‘साओ छेन’ म्हणतात. चिनी भाषेत ‘धूळ’ आणि ‘जुने’ यांचे उच्चार सारखे असल्याने धुळीबरोबर जुने वर्षही बाहेर जाते. दक्षिणी सोंग काळातील हांगचौच्या जीवनाचे वर्णन करणाऱ्या ‘मंगल्यांग लू’ या ग्रंथात, वर्षअखेरीस लहानथोर सारी घरे आपापली दारे-अंगणे झाडून स्वच्छ करत, अशी नोंद आहे. नववर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र झाडू बंद, नाहीतर सुदैवही केराबरोबर जाईल.

हे वाचताना मराठी वाचकाला दिवाळीपूर्वी माळ्यावरून उतरवलेली पितळी भांडी, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलेली केरसुणी आणि तिन्हीसांजेला केर काढू नये हा आजीचा दंडक आठवला, तर नवल नाही. दोन्हीकडे हे काम मुख्यतः घरातल्या स्त्रियांनी केले आणि दोन्हीकडे त्याला ‘शास्त्र’ म्हणण्याइतका मान कधी मिळाला नाही. सल्लागाराने शुल्क घेऊन तेच सांगितले की ते प्राचीन विद्या ठरते.

महाराष्ट्रातील दुकानांत वास्तुशास्त्राच्या शेजारी जे फेंगशुईचे फडताळ असते, त्यातील हसरा बुद्ध तर फेंगशुईचा नाहीच. तो दहाव्या शतकाच्या आरंभीचा झेजियांगमधील भटका भिक्षू ‘बुदाई’. पुढे त्याला मैत्रेयाचा अवतार मानले गेले. ‘बुदाई’ म्हणजे कापडी पिशवी. मिळेल ती वस्तू पिशवीत भरून हिंडणारा हा साधू आज अडगळ काढलेल्या खोलीच्या कोपऱ्यात प्रतिष्ठित होऊन धूळ खात बसतो.

तेव्हा ज्याला खोली आवरायची आहे त्याने खुशाल आवरावी. बागुआच्या आकृतीमुळे हात चालू लागत असतील तर तीही मांडावी. दार पूर्ण उघडू लागले, खिडकीतून उजेड आला, ओल दिसू लागली, की खोलीत फरक पडतोच आणि त्यासाठी कोणत्याही सम्राटाची साक्ष लागत नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्याच गोष्टीला. टेकडी कोणाची, झाडे कोणी तोडली आणि त्याची झळ कोणाला बसली, हे विचारणारी परंपरा ‘माझा संपत्तीचा कोपरा’ एवढ्यावर आणून ठेवायची आणि त्यालाच तिचे प्राचीन रूप म्हणायचे, हा इतिहासावर अन्याय आहे.

ती जुनी फेंगशुई अजून पाहायला मिळते. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागात अनेक जुन्या गावांच्या पाठीशी अर्धचंद्राकार ‘फेंगशुई वने’ उभी आहेत; गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या न तोडल्यामुळे देशी वृक्षांचा मोठा ठेवा तेथे उरला आहे. आणि सरकारी रस्ता किंवा नाला अशा गावाजवळून जातो, तेव्हा बिघडलेल्या फेंगशुईच्या शांतीसाठी गावकऱ्यांना ‘तुन फू’ हा विधी करावा लागतो. त्याचा खर्च सरकार देते.