गजर वाजला, पण धावून येणार कोण?

रोवणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या बाया सकाळीच घर सोडतात आणि दिवेलागणीला परततात. मार्च-एप्रिलात मोहफूल वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला त्या जंगलात शिरतात. शाळकरी मुली सायकलने गावाबाहेरच्या सुनसान रस्त्याने जातात. अशा एकट्या वाटेवर सोबत असावा म्हणून हल्ली बाजारात किल्लीच्या गुच्छाएवढा 'गजर' मिळतो. किंमत काही शे रुपये. पिन ओढली की कर्कश आवाज सुरू होतो आणि पिन परत बसवेपर्यंत थांबत नाही. वस्तू चांगलीच आहे. हातात काठी-चाकू असला तर तो हिसकावून आपल्यावरच उलटू शकतो. गजराचे तसे नाही. पण खेड्यात त्याचा उपयोग किती, याचा हिशेब करायला हवा.

समजा, गजरापासून 1 मीटरवर आवाज 120 डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने घटतो. म्हणजे 100 मीटरवर तो 80 राहतो आणि 1 किलोमीटरवर जेमतेम 60, म्हणजे दोन माणसांच्या साध्या बोलण्याइतका. त्यात वारा, झाडी, पाऊस आणि पंपाची घरघर आलीच. शहरातल्या गल्लीत शंभर मीटरवर दहा घरे असतात. आपल्याकडे तेवढ्या अंतरात फक्त बांध्या आणि धुरे! तिथे आवाज ऐकणार कोण?

मग मोबाईलचा आधार. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार नव्या फोनमध्ये संकटाचे बटण सक्तीचे झाले. साध्या फोनवर 5 किंवा 9 चा आकडा दाबून धरला की 112 ला फोन जावा, अशी ती सोय. आपल्या गावातल्या किती बायांना हे कोणी सांगितले? आणि जंगलाच्या काठावर रेंजच नसेल, तर बटण दाबून काय होणार?

हाक पोचली तरी प्रश्न संपत नाही. ऑगस्ट 2022 ची घटना जिल्हा विसरलेला नाही. अत्याचार झालेली एक महिला लाखनी पोलीस ठाण्यापर्यंत पोचली होती. पहाटे ती तिथून बाहेर पडली आणि पुढे तिच्यावर पुन्हा अत्याचार झाला. पोलीस अधिकारी निलंबित झाले. पण निलंबनाने गेलेली रात्र परत येत नाही. तिच्याजवळ यंत्र नव्हते म्हणून हे घडले, असे कोणी म्हणू शकेल काय? कमी पडली ती माणसे.

वाघ-बिबट्याच्या बाबतीतही भ्रम नको. गजराने जनावर पळेलच, याची हमी कोणी देऊ नये. मोहफूल वेचायला वाकलेली बाई जनावराला माणूस वाटत नाही, हा खरा धोका. त्यावर जुनाच उपाय बरा: टोळीने जायचे, मोठ्याने बोलत राहायचे, फार अंधारात निघायचे नाही.

म्हणून गजर जरूर घ्या; तो नसेल तर साधी शिटीही चालते. मात्र ती पिशवीच्या तळाशी नको, हाताशी हवी. पण त्याआधी गावाने ठरवावे की आवाज ऐकला तर कोणी, कुठून धावायचे. पोलीस पाटील, बचत गटाच्या बाया आणि शाळेचे गुरुजी यांनी एकदा बसून रस्त्यावरच्या सुनसान जागा मोजाव्यात. ग्रामपंचायतीने तिथे दिवे लावावेत. शाळेत एक तास 112 साठी द्यावा आणि मुलींच्या हातून फोनची सोय तपासून घ्यावी.

पूर्वी गावात कोणी ओरडले की लोक कंदील घेऊन निघत. आता दार लावून टीव्हीचा आवाज वाढवला जातो. ही सवय मोडली नाही, तर पोरगी पिन ओढत राहील आणि आवाज धानाच्या बांधीतच विरून जाईल.