सगळ्याच 'खोडमाश्या' एक नाहीत : फवारणीआधी सोयाबीनचे खोड चिरून बघा



सोयाबीन महिन्याचे झाले की भोकरदन तालुक्यातील केदारखेडा आणि पूर्णाकाठच्या गावांतून एकच प्रश्न वारंवार येतो : "सर, सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारू?" मी उलट विचारतो, "खोड चिरून बघितलं का?" बहुतेक वेळा उत्तर "नाही" असेच असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात पिवळा मोझॅक आणि त्याच्या जोडीने मूळकुज-खोडकुजीने सोयाबीनचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून पिवळे झाड दिसले की 'मोझॅक आला' असे म्हणून मोकळे होण्याची सवय लागली आहे. पण पिवळेपणाचे कारण कधी पानात असते, कधी मुळात, तर कधी खोडाच्या आत. कारण चुकले की औषध चुकते आणि फवारणीचा खर्च वाया जातो.

यंदा ओळख जास्त महत्त्वाची का?

२०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा बंद झाला. खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा आता विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आहे आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पन्नावर ठरते. म्हणजे मंडळाची सरासरी घसरली तरच पैसे. खोडमाशी मात्र एका शेतात जास्त, बांधापलीकडे कमी अशी असते. तुमच्या दोन एकरांत तिने घेतलेला उतारा मंडळाच्या सरासरीत दिसेलच असे नाही.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. एकरी एक क्विंटल जरी कमी पिकले, तरी हमीभावाने तेवढे पैसे गेले. या नुकसानीवर खरा विमा म्हणजे पहिल्या महिन्यातली तुमची स्वतःची पाहणी.

नाव एक, माश्या अनेक

आपल्याकडे 'खोडमाशी' हे नाव दोन वेगळ्या किडींना लावले जाते. तिसरी तिची जवळची नातलग आहे.

- सोयाबीनवरील खोडमाशी : शास्त्रीय नाव मेलानॅग्रोमायझा सोजे, कुळ अॅग्रोमायझिडी. पाने आणि खोडे आतून पोखरणाऱ्या माश्यांचे हे कुळ. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा काढणारी नागअळी याच कुळातली.
- ज्वारीवरील खोडमाशी : अॅथेरिगोना सोकाटा, कुळ मस्किडी, म्हणजे घरमाशीचे कुळ. तिची अळी कोवळ्या रोपाचा वाढीचा कोंब कुरतडते आणि पोंगा वाळतो. सोयाबीनशी तिचा संबंध नाही.
- तुरीवरील शेंगमाशी : मेलानॅग्रोमायझा ऑब्टुसा. ही मात्र सोयाबीनच्या माशीची सख्खी बहीण म्हणावी अशी, त्याच प्रजातीतली. फरक इतकाच, की हिची अळी शेंगेत शिरून दाणा खाते.

म्हणून 'गेल्या वर्षी ज्वारीच्या खोडमाशीला अमुक औषध चालले, तेच सोयाबीनला मारतो' हा हिशेब चुकीचा आहे. नाव सारखे असले तरी कुळ, पीक, नुकसानीची जागा आणि वेळ वेगळी आहे.

याच कुळातली ऑफिओमिया सिम्प्लेक्स ही माशी युरोप-अमेरिकेत भाजीच्या शतावरीवर, म्हणजे अॅस्परॅगसवर पडते. तिची अळी खोडाच्या सालीखालीच, जमिनीलगत पोखरते. त्यामुळे नागमोडी खूण बाहेरूनही दिसते. आपल्या सोयाबीनमधली अळी थेट खोडाच्या मध्यभागी, गाभ्यात उतरते. बाहेरून झाड हिरवेगार आणि आतून पोकळ, अशी गत होते. आपली अडचण नेमकी हीच आहे.

माशी पाहून नाव ठरत नाही

सोयाबीनची खोडमाशी जेमतेम २ मिलिमीटरची, चकचकीत काळी. तिच्या कुळातल्या कितीतरी माश्या अशाच दिसतात. नक्की जात ठरवायला तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली नराचे जननांग आणि अळीची श्वसनछिद्रे तपासतात. २०१५ च्या सुमारास ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये ही माशी सापडली, तेव्हा खात्रीसाठी शास्त्रज्ञांना डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला.

तुम्हाला एवढ्या खोलात जायची गरज नाही. पीक कोणते, भुयार कुठे आणि आत कोण, या तीन प्रश्नांवर शेतात पुरेशी ओळख पटते.

खोड चिरल्यावर काय दिसते?

शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी चार, अशी २० झाडे मुळासकट उपटा. ब्लेडने किंवा धारदार चाकूने शेंड्यापासून मुळापर्यंत उभे चिरा.

- खोडमाशी : गाभ्यात लालसर-तपकिरी नागमोडी भुयार. आत पाय नसलेली, पांढरट-फिकट पिवळी, ३-४ मिलिमीटरची अळी किंवा तपकिरी कोष. खोडावर बारीक छिद्र.
- चक्रीभुंगा : ही माशी नव्हे, भुंगेरा आहे. देठावर किंवा खोडावर दोन समांतर चक्रे, वरचा भाग सुकलेला. आतली अळी बरीच मोठी, पिवळसर, डोके गडद.
- पिवळा मोझॅक : पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, पण खोड आतून पांढरे व निरोगी. हा विषाणू पांढरी माशी पसरवते.
- खोडकुज किंवा चारकोल रॉट : मूळ व बुंध्याची साल सोलल्यावर राखाडी रंगावर काळे बारीक ठिपके. अळी नाही, छिद्र नाही.

छिद्र आहे पण आत अळी किंवा कोष नाही, याचा अर्थ माशी उडून गेली. त्या झाडासाठी आता फवारणी करून उपयोग नाही.

केव्हा आणि काय करावे?

खोडमाशीचा सर्वांत घातक काळ म्हणजे उगवणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे. माशी कोवळ्या पानात अंडी घालते. अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. या वयात रोपे मरतात आणि ताटांची संख्या घटते. उशिरा लागण झाली तर झाड मरत नाही, पण शेंगा कमी लागतात आणि दाण्याचे वजन घटते.

१. बीजप्रक्रिया : थायमिथोक्झाम ३० टक्के एफएस, १० मिली प्रति किलो बियाणे. क्रम पाळा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम.

२. पाहणी : उगवणीनंतर ७ ते १० दिवसांपासून महिनाभर, दर आठवड्याला २० झाडे.

३. निर्णय : १० ते १५ टक्के झाडे, म्हणजे २० पैकी २ ते ३ झाडे किडलेली आढळली तरच फवारणी. त्याखाली असेल तर थांबा. अळी-कोषांवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांना काम करू द्या.

४. फवारणी : क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी, एकरी ६० मिली. किंवा थायमिथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के झेडसी, एकरी ५० मिली. दोन्हींपैकी एकच. लेबल वाचा, हातमोजे व मास्क वापरा.

पिवळेपणा नजरेत भरेपर्यंत अळीने आपले काम बऱ्याच अंशी उरकलेले असते. म्हणून पीक हिरवे असतानाच चिरून बघायचे. किडलेली झाडे शेतात टाकू नका, बाहेर नेऊन नष्ट करा.

ओळख पटली नाही तर चिरलेली चार-पाच झाडे ओल्या कापडात गुंडाळून खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. दुकानात जायच्या आधी ही एक फेरी करा. २० झाडे उपटल्याने उतारा कमी होत नाही. चुकीच्या फवारणीत गेलेले पैसे आणि आठवडा मात्र परत मिळत नाही.