गाडी कुठपर्यंत जाते?
या आठवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: कातळशिल्पांपर्यंत गाडी जाते का? जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथे आम्ही भार्गवरामाच्या देवळापाशी गाडी सोडली आणि सड्याची, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराची, वाट धरली. चढ संपला की आभाळ एकदम मोठं होतं, पायाखाली काळा पडलेला जांभा, भेगांतून वाळकं गवत. चालताना नजर खाली ठेवायची सवय लागते, म्हणूनच ती रेघ दिसते: कातळात कोरलेला माणूस, कित्येक सहस्रकं उताणा. तिथे होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. सातवीतली पुतणी म्हणाली, “काका, हा निवांत झोपलाय आणि ही घाबरली!” उन्हं कलताना जा; डोक्यावर ऊन आलं की रेघा पुसल्यासारख्या होतात. चपला कडेला काढा, फोटोसाठी रेघांत खडू भरू नका. कोकण-गोव्यातली अशी नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातल्या कुडोपीच्या जागेला गावकरी बाहुल्यांचं टेंब म्हणतात. यादीतल्या कुठल्याही शब्दापेक्षा मला हे नाव प्रिय आहे. सड्याला पडीक जमीन म्हणणाऱ्यांनी एकदा तरी तिथे अनवाणी उभं राहावं. गाडी वळवायला जागा करायची म्हटली की आधी कातळ फुटतो. ज्यांना चढवत नाही त्यांना गावातल्या पोरांनी हात द्यावा, पण डांबर देवळापाशीच थांबावं.