सभासद कोणाला म्हणायचे?

दिवाळी आली की आमच्या जुन्नरच्या वाचनालयात टेबलावर एक जादा वही येते. अंकांची वही. ठराविक वर्गणी भरावी आणि पुढचे दोन-तीन महिने निरनिराळे अंक पाळीपाळीने घरी न्यावेत, अशी ती योजना. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची जी चटक लागली, तिच्या जोरावर आमच्यासारखी वाचनालये वर्षातून एकदा बाळसे धरतात. वाचकहो, हा अंक तुमच्या हाती अशाच एखाद्या वहीत सही करून आला असेल, तर माझे हे रडगाणे तुम्हांला परके वाटायचे नाही.

परवा कार्यकारी मंडळाची सभा झाली. विषय होता वाचनालयाचे भवितव्य. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सरकारी अनुदान मिळू लागले, पण त्यात पगार आणि पुस्तके यांची तोंडमिळवणी होता होत नाही. खजिनदारांचे म्हणणे, तळमजल्यावर दुकानांचे गाळे काढावेत. वकीलसाहेबांचे म्हणणे, जुनी कपाटे रिकामी करून अभ्यासिका वाढवावी. खरे सांगायचे तर आज आमचे विजेचे बिल अभ्यासिकेतली मुलेच भरतात. स्पर्धापरीक्षेची जाडजूड पुस्तके घेऊन ती सकाळी येतात, रात्री उठतात, आणि महिन्याच्या महिन्याला शुल्क देतात.

जुन्या पुस्तकांवर मी हटून बसलो. १८६७ पूर्वी छापलेल्या मराठी पुस्तकांना आपण दोलामुद्रिते म्हणतो. तसले एखादे आमच्या कपाटात निघाले, तर ते काय आहे हे शं. ग. दात्यांच्या ग्रंथसूचीत पाहिल्यावाचून कळायचे कसे? रद्दीवाला वजन पाहतो, साल पाहत नाही. सूचीशी ताडून पाहण्याचे काम मीच करीन असे म्हणताच ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या कामाला आमच्याकडे विरोध होत नाही!

मग मी माझी सूचना मांडली. अभ्यासिकेतल्या मुलांना वाचनालयाचे सभासद करून घ्यावे. पुस्तक घरी न्यायचा हक्क द्यावा, आणि वार्षिक सभेत मतही.

"सर, उद्या हीच मुले आपल्याला या खुर्च्यांवरून उठवतील," वकीलसाहेब म्हणाले.

"उठवू द्यात की, साहेब! कोणी तरी उठवायला यावे, इतके तरी वाचनालय जिवंत राहील."

कोणी हसले नाही.

मला पुण्याचे नगर वाचन मंदिर आठवले. १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने ती लायब्ररी निघाली. त्याच साली, त्याच पुण्यात, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या शाळेतली एखादी मुलगी लायब्ररीच्या वर्गणीदारांत बसली असेल असे मला वाटत नाही. पण आज आमच्या अभ्यासिकेत निम्म्या मुली आहेत.

त्यांतली एक आंबेगाव तालुक्यातली, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची. त्या तालुक्याचे मूळ गाव आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरीच्या पाटीवर नाव तेवढे उरले. (वाचनालयाच्या पाटीकडे पाहताना हल्ली हे उगीच मनात येते.) ही मुलगी जुन्नरला खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी जाते. महिन्याखाली तिने एक जुनी कादंबरी माझ्यापुढे धरली.

"सर, ही घरी नेऊ का? सोमवारी आणून देते."

"अगं, तू सभासद नाहीस ना," मी म्हणालो. अनामत, वर्गणी, दोन सभासदांची शिफारस, सगळे नियम तिला सांगितले. सांगताना माझी मलाच लाज वाटली.

"बरं, सर," म्हणून ती गेली.

सभेत माझ्या सूचनेवर निर्णय झाला नाही. विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा असे ठरले. आणि त्या सभेला अर्थातच फक्त सभासद येणार. दिवे मालवायच्या आधी मी कादंबऱ्यांच्या कपाटाशी गेलो. ते पुस्तक जागेवर नव्हते. दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून मागच्या रांगेत आडवे दडवून ठेवले होते. आत खूण म्हणून एस.टी.चे अर्धे तिकीट घातलेले होते, एकशे बाराव्या पानावर. मी पुस्तक होते तसेच ठेवले.