कंबरभर पाण्यातली पाकटं
कॅरिबियन क्रूझवर ग्रँड केमन बेट आलं की घरात दोन तट पडतात, खरेदीवाले आणि पाणीवाले. मी बिनशर्त पाणीवाल्यांकडे. स्टिंगरे सिटीच्या उथळ वाळूपट्ट्यावर पाणी जेमतेम कंबरभर. आजीही उभी राहू शकते. पूर्वी कोळी इथे मासळी साफ करून घाण पाण्यात टाकत, त्या वासाने पाकटं जमू लागली ती कायमचीच. मऊ, बुळबुळीत अंग पोटरीला घासून गेलं की पोरं किंचाळतात. (पाकटाचं कालवण ओरपणारा कोकणी माणूस इथे जरा ओशाळतो.) पाय उचलायचे नाहीत, वाळूत घासत सरकायचं, शेपटीला काटा असतो. मात्र बेटाच्या बंदरात, जॉर्जटाउनला, मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, ये-जा होडीने. तेव्हा सकाळचीच फेरी धरा. बाहेरून स्वस्तात ठरवलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज थांबत नाही.