भाव आहे, गिऱ्हाईक नाही

नामपूरच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेला ट्रॅक्टर उभा राहिला, की शेतकऱ्याला धाकधूक असते ती भावाची. भाव पडला तर तो कपाळाला हात लावतो, चढला तर हरखतो. परंतु बोलीच लागणार नाही, अशी शंका त्याच्या मनाला सहसा शिवत नाही. तीही वेळ सप्टेंबर २०२३ मध्ये आली. केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविल्यानंतर नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलावातून अंग काढून घेतले. पडलेला भाव ही आपत्ती खरी, पण गिऱ्हाईकच नसणे ही तिच्याहून मोठी आपत्ती होय, याचा अनुभव जिल्ह्याने त्या दिवसांत घेतला. ते संकट ऑक्टोबरच्या प्रारंभी सरले आणि लिलाव पूर्ववत सुरू झाले. मात्र याच तऱ्हेच्या संकटात वर्षानुवर्षे अडकून पडलेला एक वर्ग नामपूरसारख्या गावांतूनही आढळतो, आणि त्याची ओरड कुठल्याही आवारात ऐकू येत नाही. तुरळक उलाढालीच्या कंपन्यांचा लहान भागधारक, हा तो वर्ग होय.

हा भागधारक मुळात सट्टेबाज नव्हता. परकीय चलन नियमन कायदा १९७३ साली झाला आणि त्यानुसार अनेक परदेशी कंपन्यांना आपले भाग भारतीयांना विकावे लागले. त्या भागांना चांगले दिवस आले, तेव्हा पगारदार मध्यमवर्गाला शेअर ही वस्तू प्रथमच आपलीशी वाटू लागली. पुढे १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रण उठले आणि नव्या कंपन्यांच्या अर्जांचा पूर आला. दहा रुपये दर्शनी किंमत, शंभर शेअरांचा अर्ज, म्हणजे हजार रुपयांत कारखान्याची मालकी! महागाईभत्त्याच्या थकबाकीतून किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून असे अर्ज भरले गेले. त्यांतील काही कंपन्या नावारूपाला आल्या. दोनशेहून अधिक कंपन्या जनतेचा पैसा घेऊन बेपत्ता झाल्याची नोंद पुढे सरकारलाच करावी लागली. या दोन टोकांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिसऱ्या प्रकाराची मात्र कोणी केली नाही.

या तिसऱ्या प्रकारातील कंपनी जिवंत असते. तिचा कारखाना चालतो, ताळेबंद प्रसिद्ध होतो, वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना टपालाने येते. शेअर बाजाराच्या यादीत तिचे नाव असते आणि नावापुढे एक भावही असतो. भागधारकाला मुलीच्या शिक्षणासाठी वा शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे असतात, म्हणून तो दलालाला विक्रीची आज्ञा देतो. तेव्हा कळते, की तो भाव तीन महिन्यांपूर्वीच्या एका व्यवहाराचा आहे. आज घेणारा एकच आहे. त्याला हवे आहेत दहा शेअर, तेही त्या भावाच्या निम्म्याने. उरलेल्या नव्वदांचे काय, याला उत्तर नाही. बाजाराच्या परिभाषेत याला तरलतेचा अभाव म्हणतात. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा, की मालकाला आपल्याच मालाचे पैसे करता येत नाहीत.

अशा शेअराचा छापील भाव किती फसवा असतो, याचे ठळक उदाहरण मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचे आहे. तिच्याजवळ एशियन पेंट्सच्या शेअरांचा मोठा साठा. तिचे स्वतःचे शेअर अवघे दोन लाख, आणि त्यांतले बहुतांश प्रवर्तकांकडे. २०२४ मध्ये तिचा भाव ३ रुपये ५३ पैसे असा दिसत होता. रोजच्या चढउतारावर मर्यादा असल्याने भाव एका दमात वर जाऊ शकत नव्हता, आणि लाखांच्या मालमत्तेत वाटा असलेला कागद साडेतीन रुपयांना विकणारा वेडा कोणी नव्हता. त्यामुळे व्यवहार जवळजवळ होतच नव्हते. अखेर सेबीच्या आदेशाने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी भावमर्यादेविना खास लिलाव घेण्यात आला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच शेअराचा भाव २ लाख ३६ हजार २५० रुपये झाला. वृत्तपत्रांनी त्याला चमत्कार म्हटले. वस्तुतः आदल्या दिवशीचा आकडा खोटा होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले. जो आकडा इतका खाली खोटा असू शकतो, तो वरही तितकाच खोटा असू शकतो. चाळीस रुपये भाव पाहून निश्चिंत राहिलेल्या कारकुनाला वीस रुपयांनाही गिऱ्हाईक मिळत नाही, तेव्हा त्याची बातमी होत नाही.

ज्यांचा बाजारच उठून गेला, त्यांची कथा याहून वेगळी आहे. पुण्याच्या शेअर बाजाराला १९८२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील उद्योगांना आपल्या माणसांकडून भांडवल मिळेल, अशी रास्त अपेक्षा होती. परंतु संगणकाच्या पडद्यावर देशभरचे व्यवहार एकवटले आणि प्रादेशिक बाजार ओस पडले. ज्यांची वार्षिक उलाढाल एक हजार कोटी रुपयांहून कमी असेल, त्यांनी दोन वर्षांत बाहेर पडावे, असे धोरण सेबीने मे २०१२ मध्ये जाहीर केले. पुण्याचा बाजार २०१५ मध्ये बंद झाला. केवळ प्रादेशिक बाजारांतच नोंदलेल्या कंपन्यांना ‘डिसेमिनेशन बोर्ड’ नावाच्या फलकावर ठेवण्यात आले. तेथे फक्त इच्छुकांची नावे आणि भाव झळकायचे. अखेर २०१६ मध्ये सेबीने या कंपन्यांना बजावले, की एक तर मोठ्या बाजारात नोंदणी करा, नाही तर प्रवर्तकांनी रास्त मोल देऊन भागधारकांना मोकळे करावे. हा दंडक महत्त्वाचा आहे. भागधारकाला बाहेर पडण्याची वाट देणे हे प्रवर्तकाचे कर्तव्य होय, हे तत्त्व नियामकाने त्यात मान्य केले.

लहान भागधारकाची अडचण येथेच थांबत नाही. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअराचे हस्तांतर बंद झाले. विक्रीपूर्वी तो डिमॅट करून घेणे आले. गैरव्यवहार रोखण्यासाठी हे योग्यच होते. पण तीस वर्षांपूर्वी केलेली सही आज थरथरत्या हाताने जुळत नाही, जुन्या प्रमाणपत्रावर नावाचे स्पेलिंग वेगळे असते, जोडधारक हयात नसतो. प्रत्येक त्रुटीगणिक प्रतिज्ञापत्र, बँकेची साक्ष आणि पुन्हा टपाल. सलग सात वर्षे लाभांश उचलला गेला नाही, तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात आणि ते परत मिळविण्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. फेटाळल्या गेलेल्या जुन्या हस्तांतरपत्रांसाठी सेबीने जुलै २०२५ ते जानेवारी २०२६ अशी सहा महिन्यांची खास मुदत दिली होती, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु इतके सव्यापसव्य करून शेअर डिमॅट खात्यात जमा झाला आणि मग त्याला गिऱ्हाईक नाही असे कळले, तर त्या वृद्ध शिक्षकाने काय म्हणावे?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. शेअर ही ठेव नव्हे. जोखीम ओळखून पैसे गुंतविणाऱ्याने गिऱ्हाईक मिळण्याची हमी कशी मागावी? शिवाय स्वस्त दिसतो म्हणून, कोणाच्या सांगण्यावरून डोळे मिटून शेअर घेणाऱ्याचा दोषही झाकता येत नाही. हे सारे खरे. तथापि जोखीम भावाची असते. बाजार मिळणे हा मात्र कराराचाच भाग असतो. शेअर बाजारात नोंदले जातील, असे माहितीपत्रकात छापूनच कंपन्यांनी हा पैसा गोळा केला. नफ्याची हमी कोणी मागत नाही. विकण्याचा हक्क काढून घेतला, तर मालकीतले उरते काय? वाट पाहणाऱ्या काहींचे भाग्य एल्सिडप्रमाणे उजळतेही. पण स्वेच्छेने धरलेला धीर हा गुण असतो, लादलेला धीर ही कोंडी असते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. यादीतून सक्तीने काढलेल्या कंपनीच्या प्रवर्तकांनी स्वतंत्र मूल्यमापकाने ठरविलेल्या रास्त किमतीला लोकांचे शेअर घ्यावेत, असा नियम आहेच. यादीत नुसत्याच नावापुरत्या राहिलेल्या कंपन्यांनाही तो मर्यादित स्वरूपात लागू करावा. ज्या शेअराचे वर्षातले बहुतेक दिवस व्यवहारच होत नाहीत, त्याच्या प्रवर्तकांनी दोन-तीन वर्षांतून एकदा, ठरावीक रकमेपर्यंतच्या लहान भागधारकांना रास्त मोलाने बाहेर पडण्याची संधी द्यावी. मर्यादा लहान ठेवली तर कंपनीवर बोजा पडणार नाही आणि सट्टेबाजाला तिचा लाभ उठविता येणार नाही. किमान २५ टक्के भाग जनतेकडे असावेत, हा आजचा नियम तेवढ्याने पुरा पडत नाही. ते २५ टक्के हजारो घरांतल्या पेट्यांत निपचित पडून असतील, तर त्यातून बाजार उभा राहत नाही. दुसरे असे, की भावाच्या आकड्याशेजारीच शेवटचा व्यवहार कोणत्या तारखेला व किती शेअरांचा झाला, हे तितक्याच ठळकपणे आणि लोकांच्या भाषेत दाखविणे बंधनकारक करावे.

हा प्रश्न पेन्शनरांच्या पिढीबरोबर संपेल, असे समजण्याचे कारण नाही. देशातील डिमॅट खात्यांची संख्या २०२४ मध्ये १५ कोटींच्या पुढे गेली. महाविद्यालयीन विद्यार्थी मोबाइलवर दोन-पाच रुपयांचे शेअर घेत आहेत, आणि दहा रुपयांत कारखान्याची मालकी मिळविणाऱ्या त्यांच्या वडीलधाऱ्यांप्रमाणेच तेही भाव पाहतात, उलाढाल पाहत नाहीत. त्यांनी शेअर घेण्यापूर्वी नामपूरच्या आवारात तासभर उभे राहावे. तेथला शेतकरी भाव विचारतो, पण त्याआधी नजर टाकतो ती बोली बोलायला व्यापारी किती जमले आहेत यावर.